आठशेआठची बटणं

दादांच्या घरी दुपारचं जेवण बारा चाळीसला सुटायचं आणि एक दहाला पोचायचं. रिटायर होऊन अठरा वर्षं झाली तरी दादांच्या अंगातला स्टेशनमास्तर काही खाली उतरला नव्हता. मधेच कुणी गप्पांत रमलं की ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून खाकरत, आणि घास हातात धरून बसलेला माणूस उगाचच अपराधी होई. दादांची चुलतबहीण, आत्या, या घरात आली की मुद्दाम सावकाश जेवायची. एवढी एकच बंडखोरी तिला एकाहत्तराव्या वर्षापर्यंत परवडली होती.

त्या रविवारी मात्र तीसुद्धा भराभर जेवली. तिला दादांकडे काहीतरी मागायचं होतं, आणि मागायला आलेल्या माणसानं गाडी अडवून धरायची नसते.

ताटं उचलली गेली, टेबल पुसलं गेलं, ते कोरडं झालं का हे दादांनी तळहात फिरवून तपासलं आणि मग बारा फोटो मांडले. जुन्या स्टेशनाच्या इमारतीत रेल्वेचं संग्रहालय होणार होतं. तिथल्या बाईंनी जुने फोटो मोठे करून दादांकडे पाठवले होते, एकेक फोटो चांगला ताटाएवढा. कोणत्या फोटोत कोण आहे, काय चाललंय ते लिहून द्या, त्याच्या पाट्या करू, चार वाजता येऊन घेऊन जाते, असा निरोप होता. तीन पिढ्या रेल्वेत घातलेलं दुसरं घर आसपास उरलं नव्हतं, त्यामुळे विचारायचं तर यांनाच. निरोप आल्यापासून दादांचा रक्तदाब छान राहिला होता.

टेबलाभोवती पाच माणसं. दादा अर्थातच डोक्याशी. त्यांच्या उजव्या हाताला त्यांची मुलगी, जिला सगळं घर वकीलच म्हणायचं. पाट्या कायद्याच्या कचाट्यात सापडू नयेत म्हणून दादांनी तिला खास बोलावून घेतलं होतं. डाव्या हाताला भाऊ, म्हणजे आत्याचा सख्खा धाकटा भाऊ, जो सख्खा आत्याचा असला तरी बसायचा नेहमी चुलतभावाच्या बाजूला. वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, स्वयंपाकघराच्या दाराजवळ, अर्ध्या खुर्चीवर. पन्नास वर्षांत त्या पूर्ण खुर्चीवर बसलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या. आणि समोरच्या टोकाला आत्या.

"एक नंबर," दादांनी चष्मा चढवून वाचलं. "फलाट क्रमांक एक. लांबी चारशे वीस फूट."

आत्यानं फोटो बघितला. सामानाच्या हातगाडीवर एक गार्ड मान वर करून बसला होता आणि न्हावी त्याची दाढी करत होता. अर्ध्या तोंडाला साबण. शेजारी एक कुत्रा, पुढचा नंबर आपलाच असल्यासारखा.

"अरे, पण ही दाढी?" ती म्हणाली.

"ड्युटीच्या वेळात चाललीये ती. ते काय भिंतीवर लावायचं?" दादांनी पान उलटलं. "तीन नंबर. तिकीट तपासनीस, कर्तव्य बजावताना."

तीन नंबरमध्ये एक बाई ट्रंकेवर ठाण मांडून बसली होती. मांडीवर पाटी, पाटीत दोन कोंबड्या. तपासनीस बोट रोखून कोंबड्यांचं तिकीट मागत होता आणि बाई त्याच्याकडे अशी बघत होती, की याचंही एखादं पीस उपटावं का. पाच नंबरमध्ये पाणीवाला खिडकीतून पुढे आलेल्या ओंजळींत पाणी ओतत होता. दहा-बारा ओंजळी, माणूस एकही दिसत नव्हता. त्याखाली दादांनी लिहिलं होतं, 'तिसऱ्या वर्गाचा डबा, बांधणी सागवानी.' रेल्वे माणसांसाठी चालते हा गैरसमज दादांनी नोकरीत कधी करून घेतला नव्हता, तो आता का करून घेतील?

"वा," भाऊ म्हणाला. "अगदी मोजकं लिहिलंत हो दादा."

भाऊ दादांना 'तुम्ही' म्हणायचा. आत्या 'तू' म्हणायची. बहीणभावांच्या वयात चारच वर्षांचं अंतर, पण भाऊला तिकीटखिडकीची नोकरी दादांच्या शब्दावर लागली होती आणि त्या दिवसापासून त्याची जीभ वाकली ती वाकलीच.

"आता सात नंबर," दादा म्हणाले आणि जरा थांबले. याच्यासाठीच तर आत्या भराभर जेवली होती.

"इंजिन आठशेआठ. अपघातापूर्वी वीस मिनिटं. ड्रायव्हरच्या बाजूला धाकटा भाऊ, जो फायरमन होता. थोरल्या भावानं, म्हणजे ड्रायव्हरनं, प्रेमापोटी त्याच्या हाती हँडल दिलं. तरुण वयातली चूक. तिच्यातून रेल्वेनं धडा घेतला." दादांनी चष्म्यावरून आत्याकडे पाहिलं. "'तरुण वयातली' हे शब्द मी घातलेत बरं का. नुसतं 'चूक' लिहिता आलं असतं."

"उपकार झाले," आत्या म्हणाली.

थोरले म्हणजे दादांचे वडील. धाकटे म्हणजे आत्याचे आणि भाऊचे. दोघे सख्खे भाऊ एकाच इंजिनावर होते. त्या काळच्या इंजिनात ड्रायव्हर डावीकडे, फायरमन उजवीकडे, हे या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. एका लहानशा स्टेशनात गाडी थांबली असताना रेल्वेच्या फोटोवाल्यानं रुळात उभं राहून समोरून फोटो घेतला: मधे इंजिनाचं तोंड, दोन्ही अंगांना फलाट, पुढे ओळीनं उभे गार्ड, तपासनीस, हमाल, आणि इंजिनाच्या दोन बाजूंनी बाहेर डोकावलेले दोन भाऊ. वीस मिनिटांनी पुढच्या स्टेशनात आठशेआठ सिग्नल ओलांडून उभ्या मालगाडीवर गेलं आणि रूळ बदलणाऱ्या एका सांधेवाल्याचा पाय गेला. हँडलवर कोण होतं? थोरले म्हणाले, धाकटा. धाकटे म्हणाले, मी नव्हतो, मी कोळसा मारत होतो. चौकशीच्या तीन साहेबांनी फोटो मागवला. ड्रायव्हरच्या जागी धाकटे होते. साहेबांचं काम सोपं झालं. थोरल्यांना ताकीद मिळाली आणि वर्षभरात पुन्हा इंजिन मिळालं. धाकट्यांना घरी पाठवलं. ते पुढची तीस वर्षं स्टेशनाच्या भिंतीबाहेरच्या वखारीत कोळशाच्या पाट्या वाहत होते. भिंतीच्या आतला कोळसा आणि बाहेरचा कोळसा यांत केवढं अंतर असतं, ते आत्याच्या घराला विचारावं.

"दादा, मी एकच गोष्ट मागायला आलेय," ती म्हणाली. "हा फोटो देऊ नकोस. अकरा पुरेत त्यांना. बाबांना जाऊन सत्तावीस वर्षं झाली. आता ते भिंतीवर टांगले जाणार, आणि शाळेची पोरं रांगेनं येऊन बघणार, की हा तो. एवढं नको करूस."

"अगं, पण हा इतिहास आहे."

"तुझ्या इतिहासात कोंबड्या बसत नाहीत, आणि माझा बाप बरोबर बसतो."

"नाव कुठे घातलंय मी? वकील, तू सांग हिला."

"नाव नाहीये, आत्या," वकील म्हणाली. "नाव नसलं की बदनामी होत नाही."

"या घरात नाव न घेताच झालीये ती आजवर."

भाऊ खुर्चीत चुळबुळला. "ताई, दादा म्हणतात ते... म्हणजे झालं ते झालंच होतं ना. त्यांनी किती सांभाळून लिहिलंय."

आत्यानं भाऊकडे पाहिलंच नाही. त्याच्याकडे बघून ती चिडली असती आणि चिडलेल्या बाईचं या टेबलावर कुणी ऐकत नसे. खरं तर न चिडलेल्या बाईचंही ऐकत नसत, पण तिथे निदान आशा होती.

"हे बघ," दादा मोठ्या मनानं म्हणाले आणि फोटो तिच्याकडे सरकवला. "एवढा मोठा तू कधी पाहिला नसशील. बघ, काका किती रुबाबदार दिसतात. याचं वाईट काय वाटायचंय?"

आत्यानं तो इतका मोठा पाहिला नव्हता हे खरं. दादांच्या दिवाणखान्यात त्याची तळहाताएवढी प्रत होती, दाराच्या वर, छताला लागून. आत्याच्या घरी तर तो ठेवायचा प्रश्नच नव्हता. आता तो ताटाएवढा होऊन समोर आला आणि तिला वडिलांच्या तोंडाकडे बघवेना. तेवीस वर्षांचा, हसरा माणूस. या माणसाला पुढे काय वाढून ठेवलंय ते तिला ठाऊक आणि त्याला नाही. तिनं नजर खाली घेतली. खाली ओळीनं आठ माणसं उभी होती, रेल्वेच्या कोटात. कोट बघायला तिला काहीच जड गेलं नाही. आयुष्यभर तिनं तेच केलं होतं. ज्या रेल्वेनं बापाला हाकललं, तिच्याच गणवेशाच्या कारखान्यात लेकीनं एकोणचाळीस वर्षं कोट शिवले. याला कुणी नशीब म्हणतं. आत्या म्हणायची, दुसरीकडे कुणी घेतलं नाही.

खांदे बरे बसवले होते. कॉलर जरा रुंद. बाहीला इस्त्री नव्हती. तिसऱ्या हमालाचं मधलं बटण तुटलं होतं. आणि मग तिचा हात आपसूक स्वतःच्या छातीशी गेला, आणि ती कारखान्यात खराब माल आला की जशी बघायची तशी डोळे बारीक करून बघू लागली.

"दादा," ती म्हणाली, "हे कोट उलटे आहेत."

"काय आहेत?"

"उलटे. पुरुषाच्या कोटाला काजं डावीकडे आणि बटणं उजवीकडे. डावी बाजू वर येते. छातीचा खिसा डावीकडे. यांचं बघ. उजवी बाजू वर. खिसा उजवीकडे. आठच्या आठ जणांचा."

भाऊनं खाली मान घालून स्वतःचा शर्ट तपासला. वकीलनं बापाच्या शर्टाकडे पाहिलं. दादांनी मात्र कुणाच्याच छातीकडे पाहिलं नाही.

"त्या काळी तशी पद्धत असेल," ते म्हणाले.

"त्या काळचे कोट उसवूनच आम्हाला शिकवलं, दादा. पहिले सहा महिने मी दुसरं काही केलं नाही."

"मग शिंप्यानं चुकून शिवले असतील."

"आठ?"

"घाऊक चूक. तुम्हा लोकांकडून होते."

"आम्हा लोकांकडून एक कोट असा गेला असता तर दिवसाचं काम परत करायला लावत."

"मग बायकांचे असतील!" दादा टेबलावर हात आपटून म्हणाले. वडिलांची इभ्रत राखायला अख्ख्या रेल्वेला बायकांचे कोट घालायची त्यांची तयारी होती. "असतील बायकांचे! त्याचा इंजिनाशी संबंध काय?"

संबंध काय तो पहिल्यांदा वकीलला कळला. तिच्या चेहऱ्यावरून आत्याला ते दिसलं. वकीलनं फोटो आपल्याकडे ओढला, नाक टेकेल इतका जवळ घेतला.

"बाबा, फोटो उलटा छापलाय."

"काहीतरी बोलू नकोस. उलटा असता तर इंजिनाचा नंबर उलटा दिसला नसता का? वाच! आठशेआठ. सरळ!"

वकीलनं पाटीचाच एक कागद पालथा घातला आणि इंजिनावर होते तसे इंग्रजी आकडे मोठे काढले. आठ, शून्य, आठ. कागद खिडकीच्या उजेडाकडे धरून मागच्या बाजूनं दाखवला. आठ, शून्य, आठ. रेल्वेकडे तेव्हा तीनशेच्या वर इंजिनं होती. त्यांतलं नेमकं हेच धाकट्यांच्या वाट्याला यावं, याला काय म्हणायचं!

"फलाट?" दादा म्हणाले. आवाज आता जरा खाली आला होता. "फलाट कोणत्या बाजूला, ते कळलं असतं की."

"दोन्ही बाजूंना आहे," वकील म्हणाली. "आणि ते स्टेशन पुढे मोडलं. साहेब लोक तिथे कधी उतरले होते का?"

"तिथे उतरण्यासारखं काही नव्हतंच," दादा सवयीनं म्हणाले आणि आपण काय बोललो ते कळून गप्प बसले.

तेवढ्यात वहिनी उठल्या. त्या चहा टाकायला गेल्या असं सगळ्यांना वाटलं, कारण त्या उठल्या की चहाच व्हायचा. पण त्या आतल्या खोलीतून आपला हातातला गोल आरसा घेऊन आल्या आणि दादांच्या समोर, फोटोच्या कडेला उभा धरला.

"हे काय?" दादा म्हणाले.

"आरसा. बघा."

"चहाचं बघ तू."

"अहो, आधी बघा. मग ओरडा."

पन्नास वर्षांत वहिनींनी दादांना आज्ञार्थी वाक्य बोलल्याची ही पहिली नोंद. आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं. वहिनींनी आरसा जागचा हलू दिला नाही.

दादांनी पाहिलं. मग वकीलनं, मग खुर्चीमागून वाकून भाऊनं. आत्या सगळ्यांत शेवटी आली. आरशात आठ माणसं नीट उभी होती, बटणं उजवीकडे, खिसे डावीकडे, आजही कारखान्यातून पास होतील अशी. आणि त्यांच्या वर, ड्रायव्हरच्या बाजूला, एक हात आत ठेवून थोरले डोकावत होते. पलीकडच्या बाजूला, फायरमनच्या जागी, काळ्या हातांनी धाकटे हसत होते.

आत्याला वाटलं होतं की आपण रडू. रडू आलं नाही. बाप निर्दोष होता हे कळल्यावर जे वाटायला हवं ते यायच्या आधी दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं. ते काय ते तिला ठाऊक होतं, पण या टेबलावर त्याच्याकडे बघायची तिची तयारी नव्हती.

"बाबा दर वर्षी जायचे," दादा एकदम म्हणाले. कुणाला उद्देशून ते कळेना. "काकांकडे. वर्षातून एकदा."

हे सगळ्यांना पाठ होतं. थोरले दर वर्षी एकदा धाकट्यांच्या घरी जात, हे या घरात मोठ्या मनाचं उदाहरण म्हणून सांगितलं जाई. चुकलेल्या भावालाही टाकलं नाही हो, असं.

"आत यायचे नाहीत," आत्या म्हणाली. "मी कितीदा खुर्ची टाकली. दारातच बसायचे. तासभर. बाबा आत, ते दारात. कुणी बोलायचं नाही. मग उठून जायचे."

"मला वाटायचं, रागानं आत जात नसतील."

"मलाही तसंच वाटायचं, दादा."

दादांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. शहात्तर वर्षांचा हा माणूस बापाच्या फोटोखाली वाढला होता. त्याच फोटोकडे बोट दाखवून त्यानं कितीतरी हमाल, कारकून आणि नातेवाईक सरळ केले होते. आत्याला त्याची कीव आली, आणि कीव आल्याचा रागही आला.

पहिला सावरला तो भाऊ. "म्हणजे ताई, आपल्याला कळलं ना? झालं तर मग. घरातल्या घरात कळलं. आता ते लोकांत कशाला न्यायचं? दोघंही गेले. कुणाला परत येऊन नोकरी करायचीये?"

"तुला आनंद नाही झाला?"

"झाला ना," भाऊ म्हणाला, आणि त्याचं तोंड मात्र काहीतरी हरवल्यासारखं दिसत होतं. उभा जन्म त्यानं बापाच्या वतीनं खाली मान घालून काढला होता. सणसमारंभात मागे बसला, प्रत्येक वाक्यात 'तुम्ही' घातलं. आता बाप निर्दोष निघाला तर हे सगळं कुणासाठी केलं? बिचाऱ्याला हिशेब लागेना. चूक बापाची होती हेच त्याला सोयीचं पडलं असतं.

"भाऊ म्हणतोय त्यात तथ्य आहे," दादांनी चष्मा पुन्हा चढवला आणि त्याबरोबर थोडा स्टेशनमास्तरही परत आला. "हे बघ, तूच म्हणालीस ना, सात नंबर देऊ नकोस? मान्य. नाही देत. अकरा फोटो जातील. कुणाचंच काही लिहून यायचं नाही, ना तुझ्या वडिलांचं, ना माझ्या. झालं तुझ्या मनासारखं?"

आणि काय आश्चर्य! ज्या घरात दुधात साखर किती यावर एकमत होत नव्हतं, तिथे सगळे एकदम एका बाजूला आले. भाऊनं सुटकेचा श्वास टाकला. वकील म्हणाली, "तोही एक मार्ग आहे, आत्या. सामोपचाराचा." दोन तासांपूर्वी हात जोडून मागितलेली गोष्ट आत्याला आता ताटात वाढून मिळत होती. फक्त वहिनी त्यांत नव्हत्या. त्या आरसा मांडीवर घेऊन आपल्या खुर्चीवर बसल्या होत्या. या वेळी पूर्ण.

दारावरची घंटा चारला दोन मिनिटं कमी असताना वाजली. दादांनी घड्याळाकडे बघून भुवया चढवल्या. लवकर येणं हाही त्यांच्या लेखी बेशिस्तीचाच प्रकार होता.

संग्रहालयाच्या बाई तिशीच्या, खांद्याला मोठी पिशवी, हातात वही. त्यांनी चहा नको म्हटलं, मग वहिनींकडे बघून घेते म्हटलं.

"झालं सगळं?" त्या टेबलाकडे बघून म्हणाल्या.

"अकरा तयार आहेत," दादा म्हणाले. "बारातला एक जरा... त्याची खात्री देता येत नाही. तो सोडून द्या."

"कोणता? सात? अरे, तोच तर आम्ही मधोमध लावणार होतो."

"खात्री नाही," दादा पुन्हा म्हणाले. भाऊ त्यांच्या मागे मान हलवत होता.

"मी देते खात्री," आत्या म्हणाली.

ती उभी राहिली होती. तिचं तिलाच ते उशिरा कळलं. "फोटो उलटा छापलाय. डावं-उजवं बदललंय. बटणं बघा."

बाईंनी फोटो उचलला. बघता बघता त्यांचा चेहरा उजळत गेला. "अगं बाई! जुन्या निगेटिव्ह काचेच्या असायच्या, त्या काचेच्या एका बाजूला लेप असतो ना, ती बाजू छापताना पालथी पडली की असं होतं. त्या वर्षीच्या आणखी काही काचा आम्हाला अशा छापलेल्या सापडल्यात. याची काच फुटलीये म्हणून आम्ही चौकशीच्या फायलीतलाच फोटो मोठा केला. आम्ही टोप्या तपासल्या, चाकं तपासली, दिवे तपासले. बटणं नाही बघितली कुणी!" मग त्या थांबल्या. "पण मग... चौकशीत याच फोटोवर ठरलं होतं ना?"

दादा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, पण वेळ बघत नव्हते.

"याच फोटोवर," आत्या म्हणाली. "सरळ करून लावा. मधोमधच लावा."

"ताई," भाऊ कळवळून म्हणाला.

"गप्प बस रे."

"आणि पाटी?" बाईंनी वही उघडली. "दादा, तुम्ही सांगता?"

दादांनी तोंड उघडलं. आत्याला वाटलं, आता हा फलाटाची लांबी सांगणार. पण त्यांनी हात थोडासा तिच्याकडे केला, गाडीला वाट द्यावी तसा, आणि खाली बघू लागले. या माणसाकडून एवढंही मिळेल असं तिला सकाळी कुणी सांगितलं असतं तर ती हसली असती.

"लिहा," आत्या म्हणाली. "ड्रायव्हरच्या जागी थोरला भाऊ. फायरमनच्या जागी धाकटा. फोटो उलटा छापला गेला आणि दोष धाकट्यावर आला. त्याची नोकरी गेली. मी हँडलवर नव्हतो, असं तो शेवटपर्यंत सांगत होता."

बाई भराभर लिहीत होत्या. "आणि कुणी विश्वास ठेवला नाही?"

"नाही."

"कुणीच नाही? घरच्यांनी तरी..."

आत्यानं फोटोतल्या वडिलांकडे पाहिलं. वडील शेवटच्या आजारात असताना एका संध्याकाळी ती त्यांच्या पलंगाशी बसली होती. कारखान्यातून नुकतीच आलेली, हाताला दोऱ्याचे कापलेले व्रण. घरात दुसरं कुणी नव्हतं. तिनं अगदी हळू, अगदी प्रेमानं विचारलं होतं, बाबा, आता तरी मला खरं सांगा. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. पुढचे नऊ दिवस ते तिच्या हातून पाणी पीत होते, औषध घेत होते, सगळं मुकाट करून घेत होते. बोलले मात्र नाहीत. ते शरमेनं गप्प आहेत असं तिनं ठरवलं होतं, आणि वर त्यांना मनातल्या मनात माफही करून टाकलं होतं. सत्तावीस वर्षं ती त्या माफीवर खूश होती.

"हे नाही लिहिलं तरी चालेल," बाई तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या. "पाटी तशीही लहान असते."

"मावेल," आत्या म्हणाली. "लिहा. कुणीच विश्वास ठेवला नाही. मुलीनंसुद्धा नाही."